साउंडबार : चौफेर आवाजाचा सौदा किती खरा?

आमचे एक स्नेही कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी इलेक्ट्रॉनिक्सचे दुकान चालवितात. वडिलांच्या वेळी तेथे रेडिओ आणि टेपरेकॉर्डरची दुरुस्ती होई. आज टीव्ही, फ्रीज, मिक्सर आणि साउंडबार विकले जातात. मागच्या पावसाळ्यात आम्ही त्यांच्याकडे चहा घेत बसलो असता एक वयस्क गृहस्थ रिक्षातून उतरले. हातात एक लांबोडके खोके होते. पंचवीस वर्षे आखातात नोकरी करून ते आता गावी स्थायिक झाले आहेत. खोके काउंटरवर ठेवून ते म्हणाले, "बेटा, यावर पाच पॉइंट एक लिहिलंय ना?"

"हो चाचा, लिहिलंय."

"मग त्यातले मागचे दोन कुठे आहेत ते दाखव. आठ दिवस झाले, मी शोधतोय."

दुकानातली मंडळी हसली. चाचा हसले नाहीत. त्यांनी पैसे रोख मोजले होते, खोक्यावर छापलेले वाचून मोजले होते, आणि छापलेले मिळाले नाही अशी त्यांची साधी तक्रार होती. आमच्या स्नेह्यांनी "सॉफ्टवेअर", "व्हर्च्युअल", "सेटिंग" असे चार शब्द उच्चारून पाहिले. त्यांचे स्वतःचेच समाधान होत नव्हते हे चेहऱ्यावर दिसत होते. शेवटी ते म्हणाले, "चाचा, उद्या मी घरी येतो."

तो प्रसंग आमच्या मनातून गेला नाही. टीव्हीखाली ठेवलेली एकच पेटी पाठीमागून आवाज ऐकवू शकते काय? आणि शकत नसेल, तर ती तसे सांगून विकणे हा कसला व्यापार? या दोन प्रश्नांवर आज आम्हाला लिहावयाचे आहे. आमचे मत आधीच सांगून टाकतो. साउंडबार ही वस्तू चांगली आहे, पण तिच्या खोक्यावर जे छापले जाते ते बहुतेक घरांत खरे ठरत नाही. आणि या तफावतीची किंमत कारखानदार मोजत नाही; ती गिऱ्हाईक मोजतो आणि त्याच्या पाठोपाठ गावातला लहान दुकानदार मोजतो.

ही पेटी घरात आली कशी?

जुन्या टीव्हीचे डबडे दोन फूट खोल असे. त्यात स्पीकरला जागा असे आणि तो बहुधा समोर तोंड करून बसविलेला असे. टीव्ही भिंतीवरच्या तसबिरीइतका पातळ झाला तेव्हा स्पीकरची जागा गेली. आज बहुतेक टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. चित्र पंचावन्न इंचांचे आणि आवाज ट्रान्झिस्टरचा, अशी स्थिती झाली. साउंडबारचा बाजार या खऱ्या गरजेतून उभा राहिला, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

परंतु गरज होती स्पष्ट आवाजाची. विकले जाऊ लागले ते थिएटर. थिएटरच्या आवाजाचे आकर्षण आपल्याकडे जुने आहे. १९७५ साली 'शोले' लागला तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील मिनर्व्हा थिएटरात तो ७० मिलिमीटरच्या पडद्यावर आणि स्टिरिओफोनिक आवाजात दाखविला गेला आणि पाच वर्षांहून अधिक काळ चालला. आवाज पडद्याच्या एकाच जागेतून न येता वेगवेगळ्या बाजूंनी येतो, हा अनुभव अनेकांनी तेथे पहिल्यांदा घेतला. तेथे आवाज सर्व बाजूंनी येई, कारण स्पीकर सर्व बाजूंना लावलेले होते. त्यात जादू काही नव्हती. योगायोग असा की, आज मुंबईत साउंडबारचे ठोक भाव विचारायला ज्या रस्त्यावर जावे लागते तोही हाच लॅमिंग्टन रोड.

पुढे डीव्हीडीच्या जमान्यात पाच लहान स्पीकर आणि एक सबवूफर असे 'होम थिएटर' संच घरोघर आले. त्यांचे काय झाले हे वाचकांना ठाऊक आहे. मागचे दोन स्पीकर मागे न्यायचे तर वायर ओढावी लागे, भिंतीला भोके पाडावी लागत. मग पाचही स्पीकर टीव्हीच्या शोकेसमध्येच फुलदाण्यांसारखे मांडून ठेवले जात. म्हणजे खरे पाच स्पीकर पदरात असूनही लोकांनी चौफेर आवाज कधी ऐकलाच नाही. साउंडबारच्या कारखानदारांनी ही अडचण नेमकी हेरली आणि जाहिरात केली : वायर नको, भोके नकोत, सारे एका पेटीत.

कान फसतो कसा आणि फसत नाही कुठे?

आवाज कोठून आला हे आपल्याला कसे कळते? उजवीकडे कोणी हाक मारली तर ती उजव्या कानावर आधी पडते आणि डाव्या कानावर किंचित उशिरा. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांशाइतका असतो, तरी मेंदू तो पकडतो. शिवाय डोके मध्ये आल्याने दूरच्या कानाला आवाज थोडा मंद ऐकू येतो. पुढचा आणि मागचा आवाज ओळखायला मात्र कानाच्या पाळीच्या घड्या उपयोगी पडतात. मागून आलेल्या आवाजाचा पोत त्या घड्या बदलतात. प्रत्येकाच्या कानाची घडण निराळी, म्हणून प्रत्येकाचा हा हिशेबही निराळा.

मागून आवाज भासविण्यासाठी साउंडबार दोन युक्त्या वापरतो. पहिली युक्ती भिंतीची. आवाजाचा झोत बाजूच्या भिंतीवर मारायचा, तो मागच्या भिंतीवर आपटून कानाशी यावा. यामाहा कंपनीने २००४ साली याच तत्त्वावर एक यंत्र काढले. त्यात चाळीस लहान आणि दोन मोठे स्पीकर एकाच फळीत बसविले होते आणि त्यांच्या वेळेत सूक्ष्म फरक करून झोत हवा तिकडे वळविता येई. ही कल्पना खोटी नाही. भिंत आवाज किती इमानाने परत करते हे पाहायचे असेल तर विजापूरच्या गोल घुमटात जावे. सतराव्या शतकातल्या त्या कबरीच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे सव्वाशे फूट आहे. वरच्या सज्जात एका बाजूला कुजबुजावे आणि समोरच्या टोकाला ते कानात सांगितल्यासारखे ऐकू यावे, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत घेतला असेल. पण तेथे भिंत अखंड आहे, गोल आहे, गुळगुळीत आहे आणि मध्ये कोणी सोफा ठेवलेला नाही.

दुसरी युक्ती गणिताची. समोरच्या उजव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानालाही ऐकू येतो. डाव्या स्पीकरमधून त्याचा नेमका उलटा आवाज सोडला तर ती गळती रद्द होते, आणि मग प्रत्येक कानाला स्वतंत्र आवाज पोहोचवून मेंदूला हवी ती दिशा भासविता येते. या पद्धतीचा पाया १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅनफ्रेड श्रोडर आणि बिष्णू अटल यांनी घातला. अटल हे मूळचे कानपूरचे, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. युक्ती शास्त्रशुद्ध आहे. मात्र तिची अट कडक आहे : ऐकणाऱ्याचे डोके ठरल्या जागी हवे. ते थोडे इकडे-तिकडे सरकले की हिशेब विस्कटतो.

आता पहिल्या युक्तीची अडचण पाहू. आवाज एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर, म्हणजे सव्वा अकराशे फूट जातो. समजा, पेटीपासून आपण नऊ फुटांवर बसलो आहोत. पेटीतून सरळ येणारा आवाज आठ मिलिसेकंदांत पोहोचतो. भिंतींवर आपटून वीस-बावीस फुटांचा फेरा घेऊन येणारा आवाज अठरा ते वीस मिलिसेकंदांनी येतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ साली दाखवून दिले की, इतक्या थोड्या अंतराने दोन सारखे आवाज आले तर कान त्यांना एकच समजतो आणि दिशा ठरवितो ती पहिल्या आवाजावरून. उशिरा आलेल्याला बरोबरीचे वजन मिळायचे तर तो सुमारे दहा डेसिबलने मोठा असावा लागतो. म्हणजे झोत इतका नेमका हवा की समोरून जवळजवळ काहीच गळू नये. स्वस्त पेटीत दोन-चार स्पीकर असतात. त्यांचा झोत होत नाही, आवाज फक्त पसरतो. तो समोरूनच आधी ऐकू येतो आणि कान निकाल देऊन मोकळा होतो.

शिवाय झोत वळविण्यालाही मर्यादा आहे. साधारण एक मीटर लांबीची फळी त्याहून लांब लहरींचा झोत करू शकत नाही. साडेतीनशे हर्ट्झच्या खाली लहर मीटरभराहून लांब होते. पुरुषाच्या आवाजाचा भरीव भाग, ढोलाचा ठोका, विमानाची घरघर ही सारी या मर्यादेखाली येतात. मागे फेकता येतात ती पानांची सळसळ, काचेचा खळखळाट, पक्ष्यांची किलबिल. मागून वाघ येत असेल तर पंजांची खसखस मागून ऐकू येईल, पण डरकाळी टीव्हीखालूनच येईल!

आमची घरे आणि त्यांचा दिवाणखाना

पेटीबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकेत एक खोली काढलेली असते. चौकोनी खोली, दोन्ही बाजूंना मोकळ्या भिंती, मधोमध सोफा, सोफ्याच्या मागे चार-पाच फूट जागा, सोफ्यावर एकच माणूस. वाचकांनी आपला दिवाणखाना डोळ्यांसमोर आणावा. मुंबई, पुणे, भिवंडी, मालेगाव, कुठेही पाहा. एका बाजूला बाल्कनीचे दार आणि त्याला जाड पडदा. दुसऱ्या बाजूला भिंत नाहीच, तेथून स्वयंपाकघरात जायची वाट. पडद्यावर मारलेला झोत पडदा गिळतो, आणि वाटेत मारलेला झोत स्वयंपाकघरात जातो. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, कारण मध्ये ठेवायला जागा नाही. मग "मागून" आवाज यायला मागे उरतेच काय?

छताचीही तीच गोष्ट. अलीकडे खोक्यांवर ५.१.२ असे तीन आकडे असतात. पहिला आकडा कानाच्या पातळीवरील दिशांचा, दुसरा सबवूफरचा, तिसरा डोक्यावरून येणाऱ्या आवाजाचा. डॉल्बी कंपनीने २०१२ साली चित्रपटगृहांसाठी 'अ‍ॅटमॉस' ही पद्धत आणली, तिचा हा घरगुती अवतार. पेटीतले वर तोंड केलेले स्पीकर आवाज छतावर मारतात. त्यासाठी छत सपाट, टणक आणि फार उंच नसलेले लागते. फ्लॅटचे नऊ-दहा फुटी स्लॅबचे छत यात बसते, ही जमेची बाजू. परंतु कोकणातल्या कौलारू घराचे उतरते छप्पर या हिशेबात कोठेच बसत नाही, आणि जुन्या वाड्यातल्या उंच तुळयांच्या छतावरून काय परत येईल ते सांगता येत नाही.

आणखी दोन गोष्टी. एक पंखा. आपल्याकडे वर्षातले नऊ-दहा महिने तो डोक्यावर घरघरत असतो. झोतातून मागे जाणारे जे बारीक आवाज आहेत ते नेमके त्या घरघरीत बुडतात. दुसरी गोष्ट माणसांची. आपल्याकडे सिनेमा एकटा माणूस पाहत नाही. सोफ्यावर तिघे, खाली जाजमावर पोरे, दाराशी उभी शेजारीण, हा आपला प्रेक्षकवर्ग. पेटीचा हिशेब मधल्या एका डोक्यासाठी असतो. बाकी सात जणांना मिळतो तो नुसता समोरचा आवाज.

जोडणीतली गफलत

येथपर्यंत आम्ही यंत्राबद्दल बोललो. आता दुकानात आणि घरात होणाऱ्या चुकीबद्दल. अनेक जण साउंडबार टीव्हीला ब्लूटूथने जोडतात, कारण ते सोपे असते. ब्लूटूथच्या नेहमीच्या जोडणीतून डावा आणि उजवा असे दोनच मार्ग जातात. साध्या ऑक्सच्या वायरचेही तसेच. म्हणजे पाच पॉइंट एकचे पैसे मोजलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी त्याचे दोन करून टाकले! ऑप्टिकल वायरने पाच पॉइंट एक जाऊ शकते, पण अ‍ॅटमॉस जात नाही. त्यासाठी टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेले असते तीच खाच वापरावी लागते. वायर बरोबर असूनही टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम'वर ठेवलेला असेल तर पुष्कळदा दोनच मार्ग बाहेर पडतात.

आणि मुळात आत काय चालले आहे? केबलवरच्या बातम्या, मालिका आणि मोबाइलवरून टीव्हीवर घेतलेली गाणी ही बहुधा दोन मार्गांचीच असतात. चौफेर ध्वनिमुद्रण असते ते चित्रपटांच्या आणि काही नव्या मालिकांच्या प्रतींत, आणि तेही पुष्कळदा महाग वर्गणी भरणाऱ्यांसाठी. नेटफ्लिक्सवर अ‍ॅटमॉस हवे असेल तर सर्वांत वरची योजना घ्यावी लागते. मूळ आवाजच दोन मार्गांचा असेल तर पेटीवरचे 'सराउंड'चे बटण त्यालाच ताणून पसरविते. अशा वेळी बोलणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो आणि घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "ते बंद करा, काय बोलतात ते कळेना झालंय."

दुसरी बाजू

न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. चांगल्या पेट्या आहेत. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने २०१९ साली 'अँबिओ' नावाची पेटी काढली. तिच्यात तेरा स्पीकर होते, आणि मायक्रोफोन लावून ती आधी खोलीची तपासणी करी. मोकळ्या भिंतींच्या, चौकोनी, शांत खोलीत अशा पेटीने आवाज बाजूंना आणि वर खूप दूरवर पसरल्यासारखा वाटतो. डोळे मिटले तर टीव्ही भिंतभर झाल्याचा भास होतो. मात्र तिची किंमत निघाली तेव्हा अडीच हजार युरोच्या घरात होती. तेवढ्या पैशांत वेगळे अ‍ॅम्प्लिफायर आणि पाच उत्तम स्पीकर येतात.

दुसरा प्रकार म्हणजे ज्यांच्यासोबत मागे ठेवायचे दोन वेगळे स्पीकर खोक्यातच येतात अशा पेट्या. त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. त्या खरोखर मागून आवाज देतात, कारण मागे खरोखर स्पीकर असतो. फक्त 'वायरलेस' या शब्दावर गिऱ्हाइकाने भुलू नये. आवाजाची वायर नसली तरी त्या स्पीकरांना वीज बहुधा लागतेच, म्हणजे सोफ्याच्या मागे दोन प्लग हवेत. ते आहेत की नाहीत हे विकत घेण्यापूर्वी पाहिलेले बरे.

आणि साधी, पाच-सात हजारांची पेटी? तिचेही एक खरे काम आहे. ती संवाद स्पष्ट करते, आवाज टीव्हीपेक्षा भरीव करते, सबवूफर असेल तर ठोक्याला वजन देते. बहुतेक घरांना एवढेच हवे असते. आमचा आक्षेप वस्तूला नाही, तिच्यावर छापलेल्या मापाला आहे.

मापात पाप

वयाने थोड्या मोठ्या वाचकांना पीएमपीओ आठवत असेल. आखातातून येणाऱ्या टू-इन-वनवर हजार-दोन हजार वॉट पीएमपीओ असे ठसठशीत छापलेले असे. त्या आकड्याला कोणतेही ठरलेले प्रमाण नव्हते. ज्याला जो वाटेल तो तो छापी. आरएमएस नावाचे, सतत मिळणाऱ्या ताकदीचे खरे माप त्याच्या एका छोट्या अंशाएवढे असे. काही वर्षे तो आकडा खपला. मग लोक शहाणे झाले, आणि पीएमपीओ हा शब्दच चेष्टेचा विषय झाला. त्या चेष्टेत ज्या दुकानदारांनी तो आकडा तोंडाने पुन्हा पुन्हा उच्चारला होता तेही सापडले.

मागे स्पीकर नसताना ५.१ छापणे हा आमच्या मते नव्या काळचा पीएमपीओच होय. पेटी पाच मार्गांचा आवाज आत घेते, एवढेच त्या आकड्याने खरे ठरते. पाच दिशांनी तो बाहेर देते असे नाही. घेणे आणि देणे यांतला हा फरक खोक्यावर कोणी छापत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध दाद मागण्याची सोय केली आहे, त्यासाठी केंद्रीय प्राधिकरणही नेमले आहे. पण चार हजारांच्या वस्तूसाठी कोण दाद मागायला जातो? माणूस दाद मागत नाही, तो दुकान बदलतो.

आणि हाच आमच्या व्यापारी बांधवांच्या विचाराचा मुद्दा आहे. भावाच्या स्पर्धेत ऑनलाइन दुकानांपुढे लहान दुकानदार टिकू शकत नाही. ते खोके घरपोच देतात, परतही घेतात. परंतु त्यांना गिऱ्हाइकाचा दिवाणखाना दिसत नाही. गावातल्या दुकानदाराला तो दिसतो. अनेकदा तेथे त्याचे जाणे-येणेही असते. भिंत कोठे आहे, पडदा कोठे आहे, घरात आजी-आजोबा आहेत की कॉलेजातली मुले, पाहिला जातो तो सिनेमा की बातम्या, हे त्याला विचारता येते. हेच त्याचे भांडवल. ते टाकून तो खोक्यावरचेच वाचून दाखवू लागला तर गिऱ्हाइकाला त्याची गरज काय?

म्हणून आमची सूचना अशी की, साउंडबार विकताना तीन गोष्टी तोंडाने सांगाव्यात. एक, खोक्यात मागचे स्पीकर आहेत की नाहीत. दोन, त्यांच्या टीव्हीला कोणत्या वायरने जोडावे लागेल. तीन, त्यांच्या खोलीत काय मिळेल आणि काय मिळणार नाही. ज्याला खरोखर चौफेर आवाज हवा असेल त्याला मागे दोन स्पीकर लावून द्यावेत, आणि वायर ओढण्याची, पट्टी ठोकण्याची रास्त मजुरी घ्यावी. रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचे काम आटल्याने हात रिकामे झालेले कितीतरी कारागीर आपल्या गावागावांत आहेत. त्यांना या कामात रोजगार आहे.

गिऱ्हाइकांना आम्ही एक सोपी परीक्षा सांगतो. दुकानात पेटीसमोर बसा, डोळे मिटा, आणि एखाद्या चित्रपटातला असा प्रसंग लावायला सांगा ज्यात पाऊस पडतो किंवा हेलिकॉप्टर फिरते. आवाज जेथून येतो असे वाटेल तिकडे बोट दाखवा. मग डोळे उघडून आपले बोट कोठे आहे ते पाहा. ते दोन्ही बाजूंच्या भिंतींपर्यंत गेले तर पेटी चांगली. पाठीमागे गेले तर पेटी उत्तम, किंवा मागे कोठेतरी स्पीकर लपविलेला आहे. टीव्हीकडेच राहिले तर तेवढ्याचेच पैसे द्या.

आता त्या चाचांची हकिकत पुरी करतो. दुसऱ्या दिवशी आमचे स्नेही त्यांच्या घरी गेले. आम्हीही बरोबर होतो. कौलारू घर, एका बाजूला उघडी पडवी, दुसऱ्या बाजूला माजघराचे पडदा लावलेले दार, सोफा मागच्या भिंतीला. पेटी ब्लूटूथवर लावलेली होती. स्नेह्यांनी ती एचडीएमआय वायरने नीट जोडून दिली आणि मग सरळ सांगितले, "चाचा, तरीही या खोलीत मागून आवाज येणार नाही. मागे स्पीकरच नाही. पेटी परत घेतो, पैसे देतो."

यावर आतून चाची बाहेर आल्या. त्यांना अलीकडे थोडे कमी ऐकू येते. त्या म्हणाल्या, "परत कशाला? मला मालिकेतलं बोलणं आता कुठं कळायला लागलंय."

चाचा थोडा वेळ गप्प बसले. मग आमच्या स्नेह्यांना म्हणाले, "हे तू त्या दिवशीच सांगितलं असतंस, तरी मी ती घेतलीच असती. मग मला आठ दिवस येड्यासारखं सोफ्याच्या मागे बघत बसावं लागलं नसतं."

पेटी त्या घरात राहिली. आमचे स्नेही आता दुकानातल्या प्रत्येक साउंडबारच्या खोक्यावर स्वतःच्या हाताने एक चिठ्ठी चिकटवितात : "मागचे स्पीकर आहेत" किंवा "मागचे स्पीकर नाहीत". विक्री कमी झाली काय, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "खोकी परत येणं कमी झालं."